कापलेली स्ट्रिप

पुणे,
२ डिसेंबर

प्रिय नंद्या,

काल फोनवर नाकात बोळे कोंबल्यासारखा बोलत होतास. दिवाळीआधी माळा झाडलास तेव्हापासूनच्या शिंका, त्यावर मेडिकलमधली 'ती सर्दीची' गोळी, अंग दुखलं की वर तापाची साडेसहाशे मिलिग्रॅमची. तुझ्याकडे पोरांचा दंगा चालला होता म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

गेल्या वर्षी मीही हेच केलं. दुकानदारानं कात्रीनं चार गोळ्या कापून दिल्या. नावाचा भाग त्याच्याकडे राहिला, माझ्या हाती एक्सपायरीचे अर्धे आकडे. सकाळी एक घेऊन गाडी काढली. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न बडवतायत आणि मी हेल्मेटमध्ये पेंगतोय! नशीब, गाडी उभी होती.

संध्याकाळी जाऊन अख्खी स्ट्रिप मागितली आणि चष्मा लावून मागचं वाचलं. क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम. शिंका थांबवणारं हेच, झोप आणणारंही हेच. त्यात तुझी शनिवारची 'बैठक' असेल तर विचारूच नको. फेनिलेफ्रिन १०, नाक मोकळं करायला. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा नाकाला उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाची सल्लागार समिती २०२३ मध्ये म्हणाली. रक्तदाब मात्र ते वाढवू शकतं. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना? लहान चार वर्षांचा व्हायचाय, त्याला हे मिश्रण पाजू नका. आपल्याकडेही तशी सूचना आली आहे.

आणि तिसरं, पॅरासिटामॉल ५००. शिंकांना ते कशाला, देव जाणे. तुझी तापाची गोळी म्हणजेही पॅरासिटामॉलच. तुझा दिवसाचा हिशेब मांडला: सर्दीच्या तीन, तापाच्या तीन, झाले ३४५० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाची दिवसाची हद्द ४०००, आणि पिणाऱ्याच्या लिव्हरला त्याहून कमीच झेपतं.

मला नंतर डॉक्टरांनी रात्रीची लिव्होसेट्रिझिन-माँटेलुकास्टची, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची, गोळी दिली, ठरावीक दिवसांपुरती. ती ऐकून आपल्या मनानं घेऊ नकोस हं. माँटेलुकास्टनं काहींना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड होते, मन खचतं. २०२० पासून अमेरिकेत त्यावर ठळक चौकटीत इशारा छापतात. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं, असं काही वाटलं तर त्याच दिवशी कळवा.

रविवारी येतोय. गोळ्यांचा डबा काढून ठेव, कापलेल्या तुकड्यांसकट. वहिनींना सांग, थालीपीठ चालेल.

तुझा,
बाळ्या