चि. मृणालला, स्ट्रोंबोलीला निघण्याआधी

सोलापूर

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन रागानेच ठेवलास, हे तुझ्या आईलाही कळलं. "अण्णा, तुम्हाला सांगून उपयोग नाही," म्हणालीस. असेल. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय. तू स्ट्रोंबोलीच्या ज्वालामुखीवर चाललीस, तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

इकडे ठीक आहे. दादाची बदली परत रद्द झाली. अक्काच्या गुडघ्याचं काही ठरत नाही. मावशीचं तेच चाललंय, फोनवर विचारू नकोस.

तू इटलीत कातानियाला गेल्यापासून मी ज्वालामुखींबद्दल बरंच वाचलं. दादा मोबाइलवर काढून देतो. आत कुणाला जाता येत नाही, तरी आत काय चाललंय ते बाहेरून ओळखायचं, हे तुमचं काम मला लगेच पटलं. शेडमध्ये चाळीस माग एकदम चालू असताना कुठला बिघडलाय हे मी दारातून सांगायचो. एकदा सुट्टीत तू डबा घेऊन आलीस आणि माझ्याआधी म्हणालीस, "अण्णा, तो खिडकीजवळचा." जाऊन पाहिलं तर धोट्याला ठोकणारा पिकर चिरलेला. बाकीचे जॉबर हसले. मी काही बोललो नाही, पण रात्री आईला दोनदा सांगितलं. तुमचं सिस्मोमीटर, ते जमिनीची थरथर टिपणारं यंत्र, हेच करतं ना? वारा, समुद्राची गाज, रस्त्यावरचे ट्रक बाजूला काढायचे आणि डोंगराचा आवाज तेवढा धरायचा. तापलेल्या, अर्धवट वितळलेल्या खडकात भूकंपाच्या लाटा मंदावतात, आणि त्यातल्या एका जातीच्या लाटा द्रवातून पुढे जातच नाहीत. कुठल्या यंत्रावर धक्का किती उशिरा पोचला याचा हिशेब मांडून आतला नकाशा काढायचा. हे करणारी माझी मुलगी आहे, असं मी चहाच्या टपरीवर सांगतो. तिथे कुणाला कळत नाही, पण ऐकून घेतात.

मला सगळ्यात आवडले ते म्युऑन. आकाशातून सतत पडणारे कण, दगडातूनही जाणारे. दाट खडकात जास्त अडतात, पोकळीत कमी. पलीकडच्या उतारावर पेटी ठेवून मोजत बसलं की डोंगराचा एक्स-रे निघतो. जपानात असामा पर्वताचा काढला, स्ट्रोंबोलीवरही फिल्म लावून ठेवल्या होत्या. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1950 नंतर हेच कण खोल जमिनीखाली मोजत होते, हे तुला माहीत असेलच. मी म्हटलं, मग हेच कर की! लांब बस, महिनोन्‌महिने मोज, तोंडाशी जायची गरजच काय? त्यावर तू म्हणालीस की पेटीच्या पातळीखालचं त्यात काहीच दिसत नाही, आणि खरा मॅग्मा, तो वितळलेला खडक, तर कित्येक किलोमीटर खाली. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तिथेच माझा आवाज चढला.

आणि तू कलमापीचं सांगितलंस ते मला धीर द्यायला. मोठा स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी डोंगर किंचित फुगतो, जमीन कलते, यंत्राला ते कळतं, भोंगा वाजतो. चांगलं आहे. पण मृणाल, डोंगर 924 मीटर उंच आहे. काही मिनिटांत तू कुठपर्यंत खाली येशील? 3 जुलै 2019 ला तिथे एक माणूस गेला, आणि तो माथ्यावरही नव्हता. तेव्हापासून पर्यटकांना माथा बंद आहे. "आम्हाला परवानगी असते," हे तू ज्या थाटात सांगितलंस, ते ऐकून आई उठून आत गेली.

विषय काढायचा नव्हता.

कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीचंही वाचलं. 14 जानेवारी 1993. परिषदेला जमलेले शास्त्रज्ञ नमुने घ्यायला विवरात उतरले होते, डोंगर त्या दिवशी शांत होता. सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. त्याआधीच्या आठवड्यांत यंत्रावर स्क्रूच्या आट्यांसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या लहरी उमटत होत्या, त्यांचा अर्थ नंतर लागला. म्हणजे मरणारे अडाणी नव्हते, तुझ्यासारखेच शिकलेले होते. शिक्षण अंगात भिनलं की माणसाला वाटतं, आपल्याला कळतं म्हणून आपल्याला होणार नाही. बघ, आलंच लेक्चर. रागावू नकोस.

त्याच वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळून खांदे भरून आले होते, मेल्यासारखा झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमारास मांडणीतली भांडी खाली आली. तुझी आई दादाला उचलून केव्हाच अंगणात, आणि मी आत चप्पल शोधतोय! गल्लीतली सगळी माणसं उजाडेपर्यंत रस्त्यावर. दोन दिवसांनी आम्ही भाकऱ्या आणि चादरी घेऊन टेम्पोने तिकडे गेलो. काय पाहिलं ते तुला कधी सांगितलं नाही, आताही नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, थंड झाला, संपला, असं मास्तरांनी शिकवलं होतं. त्या दिवसापासून माझा जमिनीवर पुरता विश्वास नाही.

तू जाणार आहेस. नको म्हटलं तरी जाशील, आणि नको म्हणायचा मला हक्कही नाही. वायूचा मास्क स्वतः तपासून घे, दुसऱ्याने तपासला म्हणून घालू नकोस. यंत्राची बॅटरी बदलली की लगेच खाली ये, फोटो काढत थांबू नकोस. वर निघताना एक मेसेज आणि खाली उतरल्यावर एक, दोन्ही मला. आईला पहिला पाठवू नकोस, दुसराच पाठव.

शेंगाचटणी पाठवतोय. मागच्या वेळी डबा गळला होता, या वेळी दोन पिशव्यांत बांधलीय. कर्जाचा हप्ता भरला.

तुझा,
अण्णा