ताईचा उजवा डोळा

प्रिय मित्रा,

पाच महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, माफ कर. आम्ही सगळे ठीक, बाबांची शुगर ताब्यात आहे. नवी नोकरी मानवली का? सविस्तर कळव.

ताईच्या डोळ्याबद्दल तूच बरोबर होतास. माझ्या लग्नातला फोटो बघून "हिचा एक डोळा मोठा दिसतोय" म्हणालास आणि मी केवढा भडकलो! "दुसऱ्यांच्या बहिणींचे डोळे मोजत बसू नकोस" इथपर्यंत बोललो. गेल्या महिन्यात तिला एकाचे दोन दिसायला लागले, आणि डोळे खरंच मोजावे लागले. हर्टेल नावाचं मापक असतं. ते दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या हाडांवर टेकवून बुबुळ किती पुढे आलंय ते बघतात. डावं १८ मिलिमीटर, उजवं २२. दोहोंत २ पेक्षा जास्त फरक निघाला की कारण शोधावंच लागतं. थायरॉईडच्या आजारानंही डोळा असा पुढे येतो, पण रक्तात थायरॉईड नॉर्मल, त्यामुळे माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता: गाठ.

सीटी स्कॅन पाच-दहा मिनिटांत उरकला. इंजेक्शन न देताच केला म्हणून मी डॉक्टरांशी वाद घालायला गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं, डोळ्यामागची चरबी चित्रात काळी येते, म्हणून स्नायू आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नजरेची नस तशीही उठून दिसतात. आणि थायरॉईडचा संशय असताना त्या इंजेक्शनमधलं आयोडीन शक्यतो टाळलेलं बरं. मग स्क्रीनवर दाखवलं. डोळ्याची खोबण म्हणजे हाडांचा शंकू, जेमतेम ३० मिलिलिटरचा. आत काहीही वाढलं की डोळ्याला पुढे सरकण्यावाचून इलाज नाही. ताईचा खालचा आणि नाकाकडचा स्नायू मधोमध फुगलेला, सूत भरलेल्या चातीसारखा, पण डोळ्याला जिथे चिकटतो तिथे बारीकच. हीच थायरॉईडच्या आजाराची खूण. रक्त नॉर्मल असतानाही तो डोळ्यात उतरतो म्हणे. गाठ नाही! मी जिन्यात जाऊन रडलो रे.

धास्ती मात्र संपली नाही. खोबणीच्या टोकाशी सुजलेल्या स्नायूंनी ती नस दाबली तर नजरच जाऊ शकते. म्हणून एमआरआय, सूज ताजी असेल तर ती त्यात उजळून दिसते. लपाछपीत तू ताईला कपाटात कोंडून विसरला होतास, आठवतं? त्या नळीत शिरताना म्हणाली, "त्याला कळव, ते कपाट यापेक्षा ऐसपैस होतं." अर्धा तास मी तिची कानातली मुठीत धरून बाहेर बसलो होतो. कानावर नुसती ठकठक.

नस मोकळी आहे. सूज ताजी आहे. आता दर आठवड्याला शिरेतून स्टिरॉइड. धुरानं हा आजार बळावतो, म्हणून दाजींनी त्याच दिवशी सिगारेट सोडली. आपण इतकी वर्षं सांगून दमलो होतो.

एक काम कर. डोळा कधीपासून पुढे यायला लागला ते बघायला डॉक्टरांना जुने फोटो हवेत. तो लग्नातला फोटो मी तेव्हाच रागानं फोनमधून काढून टाकला. तुझ्याकडे असणारच. आजच पाठव.

तुझाच मित्र