कोहळ्याच्या वेलासाठी काकाजींना आभारपत्र

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार. गेल्या मृगात आपण राखेत जपून ठेवलेले कोहळ्याचे बी माझ्या दोन्ही मुलांच्या ओंजळीत घातले, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, तेच आपले कोहळे.

आमच्या घरी कपाशी आणि तूर पिढ्यान्‌पिढ्या पिकते. परसातल्या भाजीची सवय मात्र सासूबाईंनंतर मोडली होती. मुलांनी घाईने सपाट जमिनीत टोकलेले पहिले बी पावसाच्या झडीत कुजले. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून आपण शेणखत मिसळून उंचवटा करायला लावला आणि त्यावर नव्याने बी लावून घेतले. तो वेल श्रावणात न्हाणीघराच्या कवेलूंवर चढला.

पुढे पंधरा दिवस फुले येत राहिली आणि गळत राहिली. धाकटा रोज गळलेली फुले मोजून रडवेला होई. वेलाला रोग लागला असे समजून मी कपाशीसाठी आणलेले औषध फवारण्याच्या बेतात असताना आपण कुंपणापाशी येऊन मला थांबवले. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे ठाऊक असूनही मुलांच्या हाताशी असलेल्या वेलावर तेच औषध मारायला मी निघाले होते, हे आठवले की आजही जीव दडपतो. त्या फवाऱ्याने मधमाश्याही मेल्या असत्या.

गळत होती ती नर फुले होती. वेलाला आधी नर फुलेच येतात आणि मादी फूल नंतर येते, त्याच्या देठाशी इवलेसे कोहळे असते, हे आपण मुलांना दाखवले. पाऊस लागून राहिल्याने मधमाश्या फिरत नव्हत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच आपण स्वतः आलात, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातला केसर थोरलीच्या हातात दिला आणि तो मादी फुलाच्या मध्यभागी हळुवार टेकवायला शिकवले. ऊन चढले की ही फुले मिटतात, हे कळल्यापासून शाळेसाठीही लवकर न उठणारी ती मुले अंधारातच परसात जाऊ लागली. त्या हंगामात तीन कोहळी धरली, आणि सालीत नख रुतेनासे होईपर्यंत मुलांनी एकालाही हात लावू दिला नाही.

आता परसात पपईची चार झाडे फुलावर आहेत. त्यांपैकी एकाला लांब देठांवर लोंबणारे घोस आले आहेत; तो नर आहे, आणि बाकीच्यांसाठी तो राखावाच लागेल, असे थोरली ठामपणे सांगते. घरातील मंडळी मात्र तो तोडायचा म्हणतात. आपण एकदा येऊन पाहावे, ही विनंती.

आपली नम्र,
कुंपणापलीकडची सून