पैसे सातबाऱ्याला, चिखल बटईदाराला

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पीएम किसानचा हप्ता जमा, नमो शेतकरीचा हप्ता जमा, अशा बातम्या पेपरात येतच असतात. खोटं कशाला बोलू, माझ्या नावावर दोन एकर आहे त्याचे मलापण येतात, केंद्राचे 6000 अन् राज्याचे 6000. पण त्याशिवाय मी गावातल्याच एका मावशीचं पाच एकर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतो, त्याचे पैसे मावशीला. ती पुण्याला पोराकडं राहते. तिचं काही चुकलं असं म्हणत नाही मी, नियमच तसा आहे, 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन ज्याच्या नावावर होती त्याला पैसे, कसतो कोण हे कुठंच विचारलेलं नाही. सुरुवातीला दोन हेक्टरची अट तरी होती, नंतर त्याच वर्षी तीपण काढली, म्हणजे आता पन्नास एकरवाल्यालाही तेवढेच. अन् ज्याच्या नावावर गुंठाभर नाही, नुसतं बटईवर घर चालतं, त्याला शून्य. उधारी सगळ्यात जास्त याचीच, कारण सातबारा नाही तर बँक पीककर्ज देत नाही, मग बी-खत कृषी केंद्राच्या वहीवर आणि सोयाबीन निघालं की पहिलं माप त्याच दुकानात.

बरं हप्त्याचं एकवेळ जाऊ द्या. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं, शेंगा झाडावरच उगवल्या, शेंग फोडली की आत पांढरा कोंब. ई-पीक पाहणीचा, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद करायचा, फोटो मीच काढलेला, माझ्याच मोबाईलवर, पंचनाम्याला चिखलात मीच उभा, पण यादीत नाव मावशीचं. जिरायतीला हेक्टरी 8500 अन् रब्बीसाठी वरून 10000 जाहीर झाले, ते सगळे मालकाच्या खात्याला. मावशीनं आपणहून फोन करून निम्मे देते म्हणली, तिची माणुसकी. पण शेजारच्या शिवारात ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, रान केलेल्या एका पोराला छदाम मिळाला नाही, आणि ठोक्याचे पैसे त्या बिचाऱ्यानं पाडव्यालाच मोजलेले.

मग कागद का करत नाही असं कुणी म्हणेल. मालकाला कागदाचं नाव काढलं की तो दचकतो, म्हणतो उद्या तू कूळ लागशील, म्हणजे कसतो म्हणून जमिनीवर हक्क सांगशील. त्याचंही खोटं नाही. आपल्याकडं अजून हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा आहे, कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेला, आणि आज त्याच्याच धाकानं कसणाऱ्याचं नाव कुठं येत नाही. काही मालक तर दर दोन वर्षाला बटईदार बदलतात, नको ती भानगड म्हणून. अशा रानात शेणखत तरी कोण टाकणार.

यावर उपाय नाही असं नाही. नीती आयोगानं 2016 लाच जमीन भाड्यानं देण्याचा नमुना कायदा करून ठेवलाय, मालकी मालकाचीच राहील अन् कसणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळेल असा. आंध्रनं 2019 ला अकरा महिन्यांच्या कराराचं कार्ड काढलं, जमिनीवर हक्क नाही फक्त पिकावर हक्क, आणि रयतू भरोसा या तिथल्या शेतकरी मदत योजनेच्या पैशात मागास समाजातल्या भूमिहीन कसणाऱ्यांनाही धरलं. तिथंही मालकाची सही लागायची आणि बरेच मालक द्यायचे नाहीत, हे पण सांगतो, उगं तिकडं सगळं गोड आहे असं नाही. पण सुरुवात तर केली.

इथं 2025 च्या एप्रिलपासून फार्मर आयडी सक्तीचा केला, तोही सातबाऱ्यावरूनच. एवढी मोठी सिस्टिम नव्यानं बांधताय तर त्यात बटईदाराचा एक रकाना ठेवायला काय जातंय? तलाठ्याकडं अकरा महिन्यांचा छापील करार मिळावा, यावरून कूळ लागणार नाही एवढी एक ओळ त्यात असावी, आणि त्या ओळीला कायद्याचा आधार असावा. मावशी त्याच्यावर सही करायला तयार आहे, मी विचारलंय तिला.

आपला,
एक बटईदार, ता. औसा, जि. लातूर