वाळवंट दाखवायला नेता, तर ते पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वाळवंट, समुद्रकिनारा आणि अभयारण्य एकाच सहलीत’ अशा आफ्रिकेच्या सहलींच्या जाहिराती आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत अलीकडे वरचेवर दिसतात. गेल्या ऑगस्टमध्ये मी मुंबईतील एका पर्यटन कंपनीबरोबर नामिबियाची अशीच दहा दिवसांची सहल करून आले. मुलुंडच्या एका मराठी शाळेत २८ वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर, बाजूला टाकलेल्या पैशांतून केलेला हा प्रवास होता. त्या देशाने मला भरभरून दिले. मात्र ज्या पद्धतीने आम्हाला तो दाखवला गेला, तिच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

खंडांच्या पश्चिम किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतात आणि त्यामुळे तेथे वाळवंटे आढळतात, हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावी पहाटे खोलीबाहेर आले आणि बेंग्वेला प्रवाहाचे दाट, गार धुके चेहऱ्याला लागले, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदा अंगावर जाणवला. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी तासाभरात जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा त्या किनाऱ्यावर वर्षभरातही पडत नाही. तेथील जीवसृष्टी या धुक्यावर जगते. आमच्या स्थानिक गाइडने गावाबाहेरच्या वाळूच्या टेकडीवर नेऊन आम्हाला एक काळा भुंगा दाखवला. तो टेकडीच्या माथ्यावर वाऱ्याकडे तोंड करून, मागचे पाय उंचावून, अक्षरशः शीर्षासन घातल्यासारखा उभा होता. धुक्याचे थेंब त्याच्या पाठीवर साचतात, घरंगळत तोंडाशी येतात आणि तेच त्याचे पाणी. मी वाळूत गुडघे टेकून पाहत होते. एक थेंब पाठीवरून सरकू लागला, एवढ्यात टूर मॅनेजरची हाक आली की बस निघते आहे, पुढे शॉपिंगला वेळ द्यायचा आहे.

माझ्या तक्रारीचे मूळ या हाकेत आहे. गाइड इंग्रजीत बोलत होता आणि त्याचे बोलणे ऐकण्यासारखे होते. आमच्या २६ जणांच्या गटातील निम्म्याहून अधिक मंडळी साठी ओलांडलेली होती आणि त्यांना ते भरभर इंग्रजी, त्यातही तेथील उच्चारांचे, नीट कळत नव्हते. टूर मॅनेजरने त्याचे एकही वाक्य मराठीत सांगितले नाही. माइकवरून आम्हाला ऐकू येत असे ते वेक-अप कॉल, सामान बाहेर ठेवण्याची वेळ आणि जेवणाची वेळ. जेवणाबद्दल माझी तक्रार नाही. सोबत आलेल्या महाराजांनी सेसरीमच्या वाळवंटात वाढलेले गरम वरण-भात मी विसरणार नाही. परंतु पोट सांभाळण्यासाठी जेवढी आखणी झाली, तिचा चौथा हिस्साही डोळ्यांसाठी झाली नव्हती.

डेडव्हलेचे उदाहरण सांगते. जागतिक वारसा यादीत २०१३ साली समाविष्ट झालेल्या नामिब वाळूसागरातील ही पांढऱ्या मातीची खोलगट जागा. साउचाब नदीचे पाणी पूर्वी येथवर पोहोचत असे आणि त्यावर बाभळीच्या कुळातील झाडे वाढली होती. पुढे सरकत्या टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि सुमारे ६०० ते ७०० वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडे देवगिरीचे यादव राज्य लयाला गेले त्याच्या आगेमागे, ती झाडे वाळली. हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत. उन्हाने काळी पडून आजही जागच्या जागी उभी आहेत. हे पाहण्याची वेळ पहाटेची, कारण उन्हे चढली की टेकड्यांच्या सावल्या जातात आणि वाळू तापते. ही जागा राष्ट्रीय उद्यानात आहे आणि त्याचे फाटक सेसरीमला आहे. उद्यानाच्या आत मुक्काम असणाऱ्यांना सूर्योदयाआधीच निघता येते. बाहेर राहणाऱ्यांना मात्र फाटक उघडण्याची वाट पाहावी लागते. आमचा मुक्काम बाहेर होता, ही बाब पैसे भरताना कोणी सांगितली नाही. तेथे पोहोचेपर्यंत ऊन तापले होते. शेवटचा टप्पा वाळूतून चालत जायचा, त्यासाठी येण्याजाण्यासकट ४० मिनिटे दिली गेली. आमच्यातील सात ज्येष्ठ अर्ध्या वाटेतून परतले. त्यांच्यापैकी एक आजी गाडीपाशी बसून सुनेला फोनवर सांगत होत्या की वाळवंट पाहिले. मला त्या क्षणी फार वाईट वाटले.

एटोशा राष्ट्रीय उद्यानातील ओकाउकुएयो येथील पाणवठ्यावर आमचेही चुकले. निवासस्थानाला लागूनच असलेल्या या पाणवठ्यावर रात्री मंद दिवे असतात आणि कमरेएवढ्या दगडी भिंतीमागच्या बाकांवर बसून पाहुण्यांनी निःशब्द वाट पाहायची असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्यात किंवा बोरिवलीच्या उद्यानात मचाणावर बसून ज्यांनी पाणवठ्यावरची प्राणिगणना केली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गटाला मात्र ते कोणीच सांगितले नव्हते. जेवण आटोपून मंडळी आली, चिवड्याची पाकिटे उघडली गेली, कोणी मुंबईला व्हिडिओ कॉल लावला. झुडपांतून एक काळा गेंडा दोन पावले पुढे आला, कान फिरवत थांबला आणि मागे वळला. शेजारच्या बाकावरील परदेशी वृद्ध जोडपे काही न बोलता उठून गेले. दहाच्या सुमारास आमची मंडळी झोपायला गेली. त्यानंतर स्वेटरवर शाल गुंडाळून मी मध्यरात्र उलटेपर्यंत तेथे बसले आणि गेंड्याची एक मादी पिल्लाला घेऊन पाण्यावर आली. पिल्लू पाणी पिताना होणारा आवाज मला भिंतीपाशी स्पष्ट ऐकू येत होता. माझ्या सहप्रवाशांना मी दोष देत नाही. आदल्या दिवशी बसमध्ये पाच मिनिटे कोणी समजावले असते, तर तीच माणसे देवळाच्या गाभाऱ्यात बसावीत तशी बसली असती.

हे मी अनुभवावरून म्हणते. सातव्या दिवशी ओत्जिवारोंगो गावाच्या वाटेवर मी टूर मॅनेजरकडून माइक मागून घेतला आणि गाइड सांगत होता ते मराठीत सांगू लागले. नामिबियातील बहुतांश चित्ते राष्ट्रीय उद्यानांत नव्हे, तर खासगी आणि सामुदायिक गुरचराईच्या जमिनींवर राहतात. शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून शेतकरी चित्त्याला गोळी घालत. त्यावर उपाय म्हणून याच परिसरात कळप राखणारी मोठी कुत्री शेतकऱ्यांना देण्याचे काम तीसएक वर्षांपासून चालू आहे. आपल्या धनगरांची कुत्री लांडग्यांपासून मेंढ्या राखतात, तसेच हे, असे मी म्हणताच मागच्या बाकावरून एका सांगलीकर काकांनी धडाधड प्रश्न विचारले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनोत सोडलेले आठ चित्ते याच देशातून आले होते, हे तर बसमधील निम्म्या लोकांच्या लक्षातच नव्हते. गाइडचा चेहरा खुलला. त्यानंतरचे तीन दिवस तो आपणहून माझ्याकडे पाहून वाक्यावाक्याला थांबत असे.

आमचा हा गाइड तेथील हेरेरो समाजातील होता. स्वाकोपमुंडमध्ये जर्मन धाटणीच्या सुबक इमारतींची छायाचित्रे आम्ही हवी तेवढी काढली, पण गावाच्या कडेच्या दफनभूमीला आमच्या कार्यक्रमात जागा नव्हती. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहतीच्या सैन्याने हेरेरो आणि नामा समाजांचा जो संहार केला, त्याला जर्मन सरकारने २०२१ मध्ये वंशसंहार म्हटले. त्या काळात छावण्यांमध्ये मेलेल्यांची मातीचे बिननावाचे उंचवटे तेथे ओळीने आहेत आणि पलीकडे जर्मनांच्या नावानिशी कोरलेल्या कबरी आहेत. संध्याकाळच्या मोकळ्या वेळात गाइडने मला आणि आणखी दोघींना तेथे नेले. आपणही परकीय सत्तेखाली राहिलेली माणसे; हे पाहण्यास कोणी नकार दिला असता असे मला वाटत नाही.

स्वाकोपमुंडजवळच्या वॉल्व्हिस बेच्या खाजणात हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चिखलात मान घालून चरताना पाहिले, तेव्हा ऐरोली आणि भांडुपची खाडी डोळ्यांसमोर आली. तेच दोन प्रकारचे रोहित ठाणे खाडीत येतात, आणि ही दोन्ही ठिकाणे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत. बोटीवर मात्र या पक्ष्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत फक्त सील आणि पेलिकन लिहिले होते.

पर्यटन कंपन्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की दहा दिवसांत ठिकाणे कमी करावीत आणि वाळवंटाला सलग दोन पहाटा द्याव्यात. मुक्काम उद्यानाच्या आत आहे की बाहेर, हे जाहिरातीतच लिहावे. स्थानिक गाइडचे बोलणे मराठीत सांगू शकेल, एवढी तयारी करूनच टूर मॅनेजर पाठवावा. यासाठी खर्च थोडा वाढला तरी चालेल, कारण आयुष्यात एकदाच एवढ्या लांब जाणारा माणूस खाण्यापिण्यावर तडजोड करील, पाहण्यावर करणार नाही. आपल्या पुरवणीनेही जाहिरातींच्या शेजारी त्या भूमीची माहिती देणारा एखादा लेख नेमाने छापावा, अशी विनंती आहे.

आमच्या सोसायटीतील दोन कुटुंबे येत्या मे महिन्यात नामिबियाला निघण्याच्या विचारात आहेत. सेसरीमचा मुक्काम नेमका कुठे, डेडव्हलेला किती वेळ आणि गाइडचे बोलणे मराठीत कोण सांगणार, हे तीन प्रश्न त्यांनी पैसे भरण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारले आहेत. तीन आठवडे झाले, उत्तराची वाट पाहत आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई