मुलांच्या हाती कोणते सोल्डरिंग आयर्न द्यावे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या पालकांच्या आणि विज्ञान-शिक्षकांच्या कानावर एक गोष्ट घालायची आहे, म्हणून हे पत्र. मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागली की घरात सर्वांत आधी येते ते सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाख (सोल्डर) वितळवून तारा आणि भाग जोडायचे तापणारे हत्यार, आणि नेमके तेच सगळ्यात कमी विचार करून घेतले जाते. ऑनलाइन किटमध्ये फुकट आलेले, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात जे पुढे केले ते. मग सर्किट चालत नाही, आणि मूल समजते की हे आपल्याला जमणारे काम नव्हे. माझ्या मते तिथे बहुतेक वेळा दोष हत्याराचा असतो.

वडिलांनी सुरू केलेले रेडिओ-दुरुस्तीचे दुकान फोंड्यात मी चालवते. रेडिओ आता विरळाच. येतात ते भजनी मंडळांचे इलेक्ट्रॉनिक तंबोरे, देवळांतले अँप्लिफायर. आणि चवथ-दिवाळी जवळ आली की मुले येतात, बंद पडलेली सर्किटे घेऊन. गेल्या दिवाळीआधी नववीतला एक मुलगा नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांसाठी केलेले एलईडीचे सर्किट घेऊन आला होता. तपकिरी बोर्ड, त्यावर दिवे उघडझाप करवणारी ५५५ टायमरची आयसी (चिप). भिंग लावून पाहिले. तीन नंबरच्या पिनेखाली, जिथून आउटपुट निघतो, बोर्ड काळा पडला होता आणि तांब्याचा पॅड, म्हणजे पिन जिथे डाखतात ती चकती, सुटून वर आला होता. एक नंबरची पिन ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेली. तिथे डाखाचा नुसता गोळा बसला होता. सुईच्या टोकाने ढकलला तर पिनेभोवती हलला. म्हणजे एकाच मुलाच्या हातून, एकाच आयर्नने, एक सांधा जळाला आणि दुसरा कच्चा राहिला. त्याने दोन्हीकडे सारख्याच काळजीने काम केले होते.

असे का होते, ते समजून घ्यावे. ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) डाखाची तार १८३ अंशांना वितळू लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. काम नीट व्हायला बिटाचे, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकाचे, तापमान ३२० ते ३५० अंश असले की पुरे. साध्या २५ वॉटच्या आयर्नमध्ये तापमान राखणारे काहीच नसते. स्टँडवर ठेवले की ते तापत जाते, ४०० च्याही वर जाऊ शकते. त्या बिटाने पहिला बारीक पॅड जळतो. नंतर तेच बिट रुंद तांब्याला लावले की उष्णता तांबे खेचून घेते, बिट थंड पडते आणि हीटर तेवढ्या वेगाने भरपाई करू शकत नाही. मुलगा मग तिथेच दाबून धरतो. किटमधल्या तपकिरी बोर्डावरचे पॅड हिरव्या काचतंतूच्या बोर्डापेक्षा लवकर सुटतात, हेही आहेच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की तापमान-नियंत्रण असलेलेच आयर्न घ्यावे. ‘६० वॉट म्हणजे जास्त गरम, मुलाला कशाला?’ असे पालक विचारतात. कपड्यांच्या इस्त्रीत थर्मोस्टॅट असतो, तसेच हे. वॉट जास्त असले तरी बिट ठरवलेल्या अंशापर्यंतच तापते. जादा ताकद उपयोगी पडते ती उष्णता खेचणाऱ्या जाड सांध्यावर. उलट नियंत्रण नसलेले २५ वॉटचे आयर्नच पॅड जाळते.

मात्र मुठीवर चक्री आहे म्हणजे नियंत्रण आहे, असे समजू नये. काही स्वस्त आयर्नमधली चक्री पंख्याच्या रेग्युलेटरसारखी फक्त वीज कमी-जास्त करते. बिट किती तापले ते तिला कळत नाही. खऱ्या नियंत्रणात हीटरजवळ सेन्सर असतो. ९३६ नमुन्याच्या स्टेशनच्या (नियंत्रणाची पेटी वेगळी असलेल्या आयर्नच्या) हीटरला म्हणूनच चार तारा असतात, दोन तापवायच्या आणि दोन तापमान कळवायच्या. या नमुन्याची ९००एम बिटे सहज मिळतात, ही मोठी सोय. सिरॅमिक हीटर मात्र खाली पडला की तडकतो, तेव्हा स्प्रिंगचा जड स्टँड बरोबरच घ्यावा. आणि खरोखरच पैसे नसतील, तर चांगल्या बनावटीचे साधे २५ वॉटचे आयर्न चालेल. फक्त दोन सांध्यांच्या मध्ये ते उगाच तापत ठेवू नये आणि बोर्डाचे जाड सांधे मोठ्या माणसाने करून द्यावेत.

तीन पिनांच्या प्लगबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. साध्या आयर्नचा हीटर थेट २३० व्होल्टवर चालतो आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर मुलाचा हात असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या आयर्नच्या हीटरमध्ये ओल शिरते आणि करंट गळू लागतो. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या घरात तो पडतो. नसलेल्या घरात आयर्नच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. मॉसफेटसारखे (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) नाजूक भाग तर तेवढ्या गळतीनेही मरू शकतात. प्लग काढून मल्टिमीटरचे एक टोक बिटाला आणि दुसरे प्लगच्या जाड, म्हणजे अर्थिंगच्या, पिनेला लावावे. जेमतेम एक-दोन ओहम दाखवले पाहिजेत. जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचे, पण अर्थिंगच नाही, असे पुष्कळदा आढळते. ते वायरमनकडून तपासून घ्यावे.

बिट सुईसारखे टोकदार घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. नवशिक्यासाठी दोन-अडीच मिलिमीटर रुंद, चपट्या तोंडाचे बिट कितीतरी चांगले. ते पॅड आणि पिन दोन्हींना एकदम टेकते, दोन-तीन सेकंदांत सांधा होतो. डाखाची तार सांध्याला लावावी, बिटाला नव्हे. डाख पिनेवर उताराने चढलेला, कडेला पातळ झालेला दिसला की सांधा पक्का. आमच्या धंद्यातले जुने लोक बिट कानशीने घासायला सांगतात. ते तांब्याच्या बिटांच्या काळातले. आजच्या बिटांवर लोखंडाचा पातळ थर असतो. तो खरवडला की आतले तांबे डाखात विरघळू लागते आणि बिटाला खड्डा पडतो. पितळी तारेच्या चोथ्यात पुसावे आणि बंद करताना टोकाला डाख लावून ठेवावा.

तार ०.७ मिलिमीटरची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत २२ गेजची, आत राळेचा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून धातू साफ करणारे द्रव्य) असलेली मागावी. पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स बोर्डाजवळ आणूही नये. आपली हवा दमट, किनाऱ्यालगत खारी. त्या फ्लक्सचे अवशेष ओल धरतात आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. मुरगाव भागातल्या एका भजनी मंडळाच्या तंबोऱ्यात पंचम मध्येच गप्प व्हायचा. कुणीतरी असल्या पेस्टने डाखलेली व्हॉल्यूम कंट्रोलची पिन पूर्ण हिरवी पडली होती.

शिशाची भीती पालकांना वाटते, ती योग्यच आहे, पण शिसे धुरातून जात नाही. एवढ्या तापमानाला त्याची वाफ होत नाही; धूर राळेचा असतो. दम्याच्या मुलाला तो त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि पंखा धूर बाहेर ओढणारा हवा. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. काम करताना भाजीपाव शेजारी ठेवू नये आणि उठल्यावर साबणाने हात धुवावेत. शिसेविरहित तार वापरायची असेल तर ती २१७ अंशांच्या पुढे वितळते. नियंत्रण नसलेल्या आयर्नवर मुलाला ती झेपत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना आणली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आयते मॉड्यूल जोडून रोबो चालवणारी मुले पुढे तार सुटली की थांबतात. त्यांना सोल्डरिंग यायला हवे. शाळांना माझी विनंती अशी की दहा स्वस्त आयर्न घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन-तीन चांगली स्टेशने घ्यावीत आणि मुलांनी आळीपाळीने वापरावीत. विज्ञान-प्रदर्शनाच्या खरेदीच्या यादीवर मुख्याध्यापकांची सही होण्याआधी त्यातल्या आयर्नला सेन्सर आहे का आणि प्लग तीन पिनांचा आहे का, एवढे विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतः दुकानात जाऊन पाहावे.

आपली,
एक वाचक, फोंडा