बर्फ किती उरले यासोबत ते केव्हा फुटले हेही छापावे

महोदय,

ध्रुवीय प्रदेशांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात आणि एकूणच मराठी वृत्तपत्रांत आता नेमाने येऊ लागल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र त्यांतील बहुतेकींचा साचा ठरून गेला आहे. सप्टेंबरमध्ये आर्क्टिकचे किंवा फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतालचे सागरी बर्फ नीचांकाला पोहोचले की क्षेत्रफळाचा आकडा छापला जातो, मागच्या नीचांकाशी त्याची तुलना होते आणि शेजारी तरंगत्या तुकड्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या अस्वलाचे छायाचित्र झळकते. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकवरील बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतालचे बर्फ १८ लाखांच्याही खाली गेले, ही माहिती महत्त्वाची आहेच. तथापि तिथल्या जीवसृष्टीवर काय गुदरते आहे, याचा अंदाज या आकड्यांवरून फारसा येत नाही. कारण ती जीवसृष्टी बर्फाच्या वेळापत्रकाला बांधलेली आहे, आणि ते वेळापत्रक विस्कटले की एकूण बर्फ पुरेसे दिसत असतानाही नुकसान होऊन बसते.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेकडील बेलिंग्सहाउसेन समुद्रात २०२२ साली जे घडले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एम्परर पेंग्विन जमिनीवर क्वचितच वीण घालतात. किनाऱ्याला धरून गोठलेले समुद्राचे बर्फ हीच त्यांची वसाहत. मे-जूनमध्ये मादी एकुलते एक अंडे घालून समुद्राकडे निघून जाते, नर ते पायांवर घेऊन सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो आणि ऐन हिवाळ्यात पिल्लू बाहेर येते. त्याच्या अंगावरची राखाडी लव उबदार असली तरी तिच्यातून पाणी आत शिरते. पोहण्याजोगी पिसे डिसेंबर-जानेवारीत फुटतात आणि तोवर पायाखालचे बर्फ शाबूत राहणे हीच जगण्याची अट असते. पेंग्विनांच्या विष्ठेने बर्फावर पडणारा तपकिरी डाग उपग्रहाच्या छायाचित्रांत ओळखू येतो, म्हणून या दुर्गम वसाहतींवर नजर ठेवता येते. त्या वर्षी तिथल्या पाचांपैकी चार वसाहतींतले डाग, पिल्लांना पिसे फुटण्याच्या आधीच, बर्फासकट नाहीसे झाले आणि त्या चारही ठिकाणी एकही पिल्लू वाचले नसावे, असा निष्कर्ष संशोधकांना काढावा लागला. हेच बर्फ दीड-दोन महिन्यांनी फुटले असते, तर उन्हाळ्यातल्या नीचांकाचा आकडा कदाचित फारसा वेगळा नसता. पिल्लांचे भवितव्य मात्र पूर्ण वेगळे असते.

अस्वलांच्या बाबतीतही हाच धागा आहे. (त्यांच्या छायाचित्राला माझी हरकत नाही, प्राणी देखणा आहे.) कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरची अस्वले वसंत ऋतूत बर्फावर सीलची शिकार करून वर्षभराच्या चरबीचा मोठा वाटा साठवतात आणि बर्फ गेले की जमिनीवर येऊन जवळजवळ उपाशी राहतात. उपसागर आता १९८०च्या दशकाच्या तुलनेत सुमारे तीन आठवडे अधिक काळ बर्फाविना असतो. हिवाळ्यात तो आजही पूर्ण गोठतो, त्यामुळे वार्षिक कमाल क्षेत्रफळ पाहणाऱ्याला तिथे काही बिघडल्याचे जाणवणारही नाही. अस्वलांची अंदाजित संख्या मात्र २०१६ मधील ८४२ वरून २०२१ मध्ये ६१८ वर आली. यांपैकी काही शेजारच्या भागात गेली असण्याची शक्यता गणना करणाऱ्यांनीच नोंदवली आहे आणि बातमी देताना ती गाळली जाऊ नये. तसेच, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांभोवती बर्फ झपाट्याने घटूनही तिथली अस्वले अद्याप तग धरून आहेत, हेही सांगितले पाहिजे. १९७३ पासूनच्या शिकारबंदीने तिथली संख्या सावरली, आणि रेनडिअर, पक्ष्यांची अंडी यांसारखे भक्ष्यही त्यांना मिळते आहे. एकाच प्राण्याच्या दोन ठिकाणच्या कहाण्या इतक्या निराळ्या असताना ‘ध्रुवीय अस्वल नामशेष होणार’ असे सरसकट शीर्षक देणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

जमिनीवर ऋतूची घडी मोडली की काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण रशियाच्या यामाल द्वीपकल्पातले आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये, एरवी हिमवर्षाव व्हायचा त्या दिवसांत तिथे पाऊस पडला. लगेच तापमान कोसळले आणि आधी साचलेल्या हिमावर बर्फाचा टणक थर बसला. रेनडिअर खुराने भुसभुशीत हिम उकरून खालचे शैवाक आणि गवत खातात. तो थर त्यांना फोडता येईना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले आणि त्यांच्यावर उपजीविका असलेल्या नेनेत्स पशुपालकांपैकी अनेकांचे कळपच्या कळप गेले. उत्तरेकडील बॅरेंट्स आणि कारा हे समुद्र त्या सुमारास नेहमीपेक्षा अधिक उघडे होते आणि त्यांच्यावरून आलेल्या दमट हवेशी संशोधकांनी या पावसाचा संबंध जोडला आहे. चारा तिथे भरपूर होता, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कधी कधी हा परिणाम ध्रुवापासून हजारो किलोमीटर दूर उमटतो. सायबेरियाच्या उत्तर टोकावरील तैमिर द्वीपकल्पात रेड नॉट हा स्थलांतरी पक्षी वीण घालतो. तिथले हिम आता पूर्वीपेक्षा लवकर वितळते, कीटकांचा बहर त्यासोबत पुढे सरकतो आणि पिल्ले अंड्यांतून बाहेर येईतो तो ओसरू लागलेला असतो. अर्धपोटी वाढलेली पिल्ले लहान चणीची आणि आखूड चोचीची होतात. पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढताना चिखलात खोल रुतलेल्या शिंपल्यांपर्यंत ही चोच पोहोचत नाही, समुद्री गवताच्या मुळांवर भागवावे लागते आणि आखूड चोचीच्या पक्ष्यांतले थोडेच तगतात. मॉरिटानियात पक्षी घटले म्हणून तिथल्याच किनाऱ्यावर कारण शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्षित विषय आहे तो क्रिलचा, आणि या पत्राचे तातडीचे निमित्तही तेच आहे. कोळंबीसारखा दिसणारा, जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचा हा जीव पेंग्विन, सील आणि देवमासे यांचा मुख्य आहार आहे. पूर्ण वाढलेले क्रिल उपाशीपोटी अनेक महिने काढू शकते. अळ्यांजवळ तेवढा साठा नसतो. पहिल्या हिवाळ्यात त्या बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेले शेवाळ खरवडून जगतात, त्यामुळे बर्फ उशिरा धरले की त्यांची उपासमार होते आणि त्याची झळ पुढची काही वर्षे वरच्या सर्व प्राण्यांना पोहोचते. हेच क्रिल मत्स्यखाद्य आणि तेलाच्या गोळ्यांसाठी पकडलेही जाते. अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधनांच्या संवर्धनासाठी १९८२ पासून कार्यरत असलेल्या आयोगाने दक्षिण अटलांटिकमधील क्षेत्रासाठी वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा निरनिराळ्या उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम होता, जेणेकरून सारी पकड पेंग्विनांच्या वसाहतींजवळच एकवटू नये. २०२४ च्या बैठकीत सदस्यांचे एकमत न झाल्याने त्या नियमाची मुदत संपली. परिणामी २०२५ मध्ये संपूर्ण मर्यादा प्रथमच गाठली गेली आणि ऑगस्टमध्येच मासेमारी थांबवावी लागली. टनांच्या हिशेबात कोणताही नियम मोडला गेला नाही. पण एकूण किती पकडले एवढेच मोजायचे आणि कुठे, कोणत्या महिन्यांत पकडले याकडे डोळेझाक करायची, ही वृत्तपत्रांतील बर्फाच्या आकड्यांसारखीच चूक आहे. फरक इतकाच की इथे ती धोरणात झाली आहे.

म्हणून आपणास दोन सूचना कराव्याशा वाटतात. अमेरिकेतील नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर सागरी बर्फाची दैनंदिन आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्या आधारे नीचांकाच्या बातमीसोबत एखाद्या समुद्रापुरते तरी बर्फ यंदा केव्हा फुटले आणि केव्हा धरले, हे चार ओळींत देता येईल. दुसरे, वर उल्लेखिलेल्या आयोगाची वार्षिक बैठक ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे ऑक्टोबरच्या सुमारास भरते. मराठीत तिची दखल सहसा घेतली जात नाही. क्रिलच्या वाटपाचा नियम पुन्हा लागू होणार की नाही आणि कोणत्या देशाने त्याबाबत कोणती भूमिका घेतली, याचे वृत्त आपल्या पानांवर सविस्तर यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक